आधी नमुना, मग टाकी

चि. शेंडेफळास,

मावशीचे आशीर्वाद.

पत्राचं कारण आधीच सांगून टाकते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. तीन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत तू आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेला जो प्रोग्राम लिहून दिलास, तो सोमवारपासून बंद पडला, आणि तो चालल्याशिवाय माझ्या जागेवर येणारी बाई चार्ज घ्यायला तयार नाही. आज गुरुवार. उद्या माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. उद्या पाचच्या आत तिची सही झाली नाही, तर सोमवारी मला पुन्हा कचेरीत हजर व्हावं लागेल, आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं तुझी आई आणि मी समुद्र बघायला निघणार आहोत. "मी रिकामी झाले की जाऊ" हे वाक्य ती बारा वर्षं माझ्या तोंडून ऐकते आहे. तिची बॅग मंगळवारपासून दाराशी उभी आहे. (माझी भरायची आहे. त्याला अर्धा तास पुरतो.)

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. खोकला गेला का? नसेल गेला तर डॉक्टरला दाखव, मला कळवून काय होणार? वेळेवर जेवतोस का हे विचारत नाही, कारण तू खोटं सांगशील आणि मग मला तुझ्या आईला तेच खोटं पुन्हा सांगावं लागेल. इकडे आम्ही दोघी ठीक. तिचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याकडे लक्ष देत नाही, आणि तेच बरोबर आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर तीनदा केला. तिन्ही वेळा "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" असा संदेश आला. हे "नंतर" तुझ्या वडिलांच्या बाजूनं आलेलं आहे. आमच्या घराण्यात असलं काही नाही.

आता मूळ गोष्ट. जुना संगणक गेल्या महिन्यात गेला. नवा आला, त्यात तुझं फोल्डर जसंच्या तसं उतरवून घेतलं. (जसंच्या तसं म्हणजे थोडं नीटनेटकं करून. तुझ्या फायलींची लावणी बघून मला तुझ्या आईची कीव आली.) सोमवारी महिन्याचे आकडे भरले. कुठल्या विहिरीचं, नळाचं, टाकीचं पाणी बिघडत चाललं आहे, याचा आलेख महिन्याअखेरीला त्यातून निघतो, हे तुला माहीत आहे. आलेख तर निघाला नाहीच, वर लाल अक्षरांत सूचना आली, की अमुक पॅकेज सापडत नाही. तू प्रोग्राम लिहिलास त्या एका अक्षराच्या नावाच्या संख्याशास्त्राच्या भाषेत स्वतःचं असं फारसं काही नसतं वाटतं. जे लागेल ते दुसऱ्यानं लिहिलेलं पॅकेज शेजारून मागून आणायचं. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा प्रमाण विचलन हातानं काढायचो. चुकलं तर आपलं चुकायचं, शेजाऱ्याचं नाही.

बरं, पॅकेज मागवलं. त्यावर यंत्र म्हणालं, सगळ्यांसाठीच्या मुख्य ग्रंथालयात पॅकेज ठेवायची तुम्हाला परवानगी नाही, तुमच्यासाठी खाजगी ग्रंथालय करू का? मी "नाही" दाबलं. बत्तीस वर्षांत इथली टाचणी घरी नेली नाही, आणि आता शेवटच्या आठवड्यात कचेरीच्या संगणकात स्वतःचं खाजगी ग्रंथालय थाटू? त्यानं तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हटलं. मग परवानगीसाठी कुलूपदादाला बोलवावं लागलं. (संगणकांचे सगळे पासवर्ड याच्याकडे, म्हणून हे नाव. त्याला ते आवडतं.) पासवर्ड टाकताना तो खोलीतल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करतो. साहेब सहज डोकावायला आले होते, तेही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गंमत म्हणजे पासवर्ड टाकताना तो एकेक अक्षर मोठ्यानं पुटपुटतो. हे त्याला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

पॅकेज आलं. पण ते एकटं येईल तर शपथ! त्याला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, तिसऱ्याचं चौथ्यावाचून पान हलत नाही. दोन दिवस राहायला बोलवावं एकाला आणि त्यानं आपला मेहुणा, मेहुण्याचा मित्र आणि मित्राची पेटी-वळकटी घेऊन दारात उभं राहावं, तसं झालं. एकंदर सतरा पाहुणे आले. मी प्रत्येकाचं नाव वहीत उतरवून घेतलं. त्यातला अकरावा जुना निघाला. बाराव्याला तो नव्या आवृत्तीचा हवा होता. नवा आणायला गेले, तर यंत्र म्हणतं, जुना सध्या वापरात आहे, बदलता येणार नाही. खुर्चीत माणूस बसलेला असताना खुर्ची बदलता येत नाही, हे मला कळतं. पण बसलाय कोण ते तरी सांगा! शोधता शोधता कळलं, की तोच प्रोग्राम मी चार खिडक्यांत उघडून ठेवला होता. सगळ्या बंद केल्या, यंत्र पहिल्यापासून सुरू केलं, आणि आधी अकरावा आणला, मग बारावा. मंगळवारी दुपारपर्यंत सतराही जण गुण्यागोविंदानं बसले होते.

मला वाटलं, संपलं. चहा मागवला. तो येईपर्यंत नवी लाल ओळ हजर: "गच्चीवरची टाकी" या वर्गासाठी सांगितलेला "टाकी" हा वरचा वर्ग सापडला नाही.

तू तेव्हा मला समजावून सांगितलं होतंस, ते मी विसरलेले नाही. एक मूळ साचा, त्याचं नाव नमुना. त्यात तारीख, जागा, बाटलीचा क्रमांक, पाणी कोणी आणलं, एवढं. विहीर, नळ, टाकी ही त्याची मुलं. त्यांना हे सगळं आपोआप मिळतं, आणि प्रत्येकजण वर आपली भर घालतो. विहिरीला खोली असते, टाकीला धुतल्याची तारीख. टाकीचं मूल गच्चीवरची टाकी. वाडवडिलांचं पोरांना न मागता मिळतं, असं तू म्हणाला होतास, आणि तुझी आई तेव्हा फार खूश झाली होती. पण मग वडील सापडत नाहीत म्हणजे काय? टाकीची फाईल माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती उघडून बोटानं दाखवली. (यंत्राला बोट दाखवून उपयोग नसतो, हे मला ठाऊक आहे. दाखवलं.)

बुधवारी मी शांतपणे एकेक फाईल हातानं चालवून पाहिली. टाकी चालवली, ती म्हणाली, नमुना सापडत नाही. नमुना चालवला, तो मुकाट्यानं चालला. मग पुन्हा टाकी चालवली, तीही गप्प. मग सगळा प्रोग्राम एकदम चालवला आणि काय सांगू, आलेख पडद्यावर! मी धाकट्या बाईंना हाक मारली. माझ्या जागेवर येणारी ती हीच. (मी मोठ्या बाई, ती धाकट्या बाई. ती सेहेचाळीस वर्षांची आहे आणि अठरा वर्षं माझ्या हाताखाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) तिनं आलेख पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"छान आहे. आता बंद करून उघडा."

"अगं, चालतंय ना?"

"तुमच्यासमोर चालतंय, मोठ्या बाई. सोमवारी तुम्ही नसाल."

बंद करताना यंत्रानं विचारलं, टेबलावरचं सगळं जपून ठेवू का? मी नाही म्हटलं. संध्याकाळी टेबल रिकामं हवं, ही माझी शिस्त. उघडलं. लाल ओळ. धाकट्या बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. हा ताठा तिनं कोणाकडून उचलला, असं साहेबांनी मला विचारलं.

आज सकाळी ती आपणहून माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, फायलींची यादी दाखवा. दाखवली.

"हा नंबर एक कोण?"

"गच्चीवरची टाकी. सगळ्यांत नवी."

"आणि नमुना?"

"सगळ्यांत जुना. बारावा, तळाला."

"हे नंबर पोरानं दिले?"

मी म्हटलं, पोराला एवढी शिस्त कुठली, मी दिले. बत्तीस वर्षं कचेरीची प्रत्येक फाईल मी अशीच लावली आहे: नवा कागद वर, जुना तळाशी. साहेबांना आजचं काय ते हवं असतं, फाईल सुरू झाली त्या वर्षीचं नाही. तुझे नंबर नेमके उलटे होते, म्हणून नवा संगणक येताच मी बाराच्या बारा सुलटे केले. धाकट्या बाई हसली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार. तिनं तुझ्या प्रोग्रामची पहिलीच ओळ दाखवली: फोल्डरमधल्या सगळ्या फायली नंबरानं, एकापासून पुढे वाचाव्यात.

"मोठ्या बाई, आपण फाईल खालून वर वाचतो. हे वरून खाली वाचतं. नातू आधी जन्माला घातलात, आता तो आजोबा शोधतोय."

बुधवारी चाललं ते मी हातानं आधी नमुना चालवला म्हणून; बंद करताच यंत्र तो विसरलं. दहा मिनिटांत नंबर बदलले. नमुना एक, टाकी चार, गच्चीवरची टाकी बारा. चाललं. बंद केलं, उघडलं, पुन्हा चाललं. मग तिनं माझ्या नावानं उघडलेला संगणक बंद करून स्वतःच्या नावानं उघडला, आणि सतराही पॅकेजं तिला जिथल्या तिथं सापडली. का? कारण ती मुख्य ग्रंथालयात होती. खाजगी ग्रंथालय केलं असतं तर ते माझ्याच नावावर राहिलं असतं आणि तिच्यासमोर रिकामं कपाट आलं असतं. हे कुलूपदादानं सगळ्यांसमोर मान्य केलं. तू हे वाक्य दोनदा वाच.

तरी तिनं सही केलेली नाही. उद्या सकाळी यंत्र थंड असताना पुन्हा बघते, म्हणाली. बघू दे. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, पण मी तिच्या जागी नाही, आणि तुझी आई दर तासाला फोन करते.

राहिला दोषाचा प्रश्न. नीट विचार करता दोष तुझाच ठरतो. क्रम इतका महत्त्वाचा होता, तर "नंबर बदलू नयेत" अशी एक ओळ लिहून ठेवायला तुझा हात दुखत होता का? मुलांनी वडिलांच्या मागून यायचं असतं, हे यंत्राला सांगितलंस आणि मावशीला सांगायचं राहिलं. पुढे काळजी घे. जेवत जा.

तुझी,
मावशी

ता. क. खरं सांगायचं ते राहिलंच. मंगळवारी रागाच्या भरात मी साहेबांकडे लेखी तक्रार दिली, की प्रोग्राम करणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे काम ठप्प आहे. आता ती परत घेता येत नाही, कारण तिच्यावर आवक क्रमांक पडला आहे, आणि क्रमांक पडलेला कागद मागे घेणाऱ्यांना मी बत्तीस वर्षं काय काय बोलले आहे हे सगळ्या कचेरीला पाठ आहे. तक्रार अहवालासाठी प्रयोगशाळेच्या प्रमुखाकडे येते. सोमवारपासून प्रमुख धाकट्या बाई. तेव्हा तू एवढंच कर: "चूक माझी होती, दुरुस्त केली आहे" अशा दोन ओळी सहीनिशी कचेरीच्या पत्त्यावर लगेच पाठव. तुझं नाव इथं कोणाच्या लक्षात राहणार आहे? माझं राहील.

ता. क. २. शुक्रवार, संध्याकाळ. त्या दोन ओळी पाठवू नकोस. वरचं वाचून लगेच पाठवल्या असशील तर दुसऱ्या दोन पाठवून पहिल्या रद्द कर. पाकीट सकाळी टाकायचं राहिलं, म्हणून चार्जच्या नोंदीची नक्कल सोबत जोडते. मला आता बॅग भरायची आहे.

चार्ज देवाणघेवाण

किल्ल्या: तीन (दार, रसायनांचं कपाट, थंडपेटी). मिळाल्या.

नमुन्याच्या बाटल्या, निर्जंतुक, झाकणांसह: दोनशे अठरा. मोजून मिळाल्या. एका झाकणाला तडा, बाजूला काढलं.

नोंदवह्या: बत्तीस. मिळाल्या. अक्षर वाचता येतं.

संगणक: एक. पॅकेजं सतरा, यादी सोबत.

प्रोग्राम: एक. सकाळी तीनदा, दुपारी एकदा चालवून पाहिला. आलेख चारही वेळा तोच आला. मिळाला.

प्रलंबित तक्रार: एक, प्रोग्रामबद्दल. मिळाली. घेणारीचा शेरा: तक्रारदाराचा जबाब आवश्यक होता, परंतु तक्रारदार सोमवारी सकाळच्या गाडीनं परगावी जात असून परतण्याची तारीख ठरलेली नाही. प्रकरण बंद.

वेळ चार वाजून चाळीस मिनिटं. देणारीची सही. घेणारीची सही.