विसरलेला स्कार्फ

आई,

मी मुख्याध्यापिकाबाईंकडे चालले आहे, त्यांना घेऊनच येईन. आमच्या गाइड पथकातली ती लहानखुरी मुलगी, तुम्ही जिला चिमणी म्हणता, ती संध्याकाळी येईल. स्कार्फ इथे विसरला म्हणेल. मागच्या वेळी तुम्ही तो इस्त्री करून दारातच तिच्या हातात ठेवलात आणि ती परत गेली. तुमची चूक नाही, मीच सांगितलं नव्हतं. घरी वडिलांचा हात उठायला लागला की तिला इथे यायला निमित्त हवं, म्हणून ती तो मुद्दाम ठेवून जाते.

काल सलामी देताना तिचा उजवा हात वर जाईना. जिन्यावरून पडले म्हणाली.

मी लष्कराच्या भाकऱ्या भाजते, असं तुम्ही म्हणता. म्हणा. पण आज तिला आत घ्या, कडी लावा आणि मटार सोलायला बसवा. काही विचारू नका. वडील आले तर दार न उघडता सांगा, स्कार्फ सुनेकडे आहे, ती आली की मुलगी निघेल.

तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणून स्कार्फ मी खरोखरच सोबत नेला आहे.