पहिली ओ

सोमवार, ३ नोव्हेंबर
पोचले बाई एकदाची रहिमतपुरात! रक्त तपासणीच्या लॅबमध्ये संगणक सांभाळायची नोकरी. इथे रुग्णाचं नाव टाइप केलं की ते तारेवरून सांगलीच्या मोठ्या सर्व्हरवर जातं, तिथे लिहिलं जातं, 'मिळालं' असं उत्तर परत येतं आणि मगच पुढचं नाव घेता येतं. एवढंसं काम, पण एका नावाला चांगले बारा सेकंद! तोवर स्क्रीनवर चक्र गरगरतंय आणि रांगेतली माणसं माझ्याकडे अशी बघतायत, जणू मीच त्यांचं रक्त पिणार आहे. जुने रिपोर्ट उघडायला मात्र काही वेळ लागत नाही. घोडं अडतं ते लिहितानाच.

सुलाबाई इथे झाडलोट करतात, चहा करतात आणि सगळ्यांवर हुकूम चालवतात. म्हणाल्या, सावकाश चालतंय तेच बरं हाय, बाय. मी हसले.

कराडहून अनीशचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, इंजिनिअरिंगला आहे. बारा सेकंदांसाठी तुला पगार देतात होय ताई, म्हणून चिडवत होता. आई-बाबांच्या मागे त्याला मी आणि मला तो. फार दिवसांनी मोकळा हसला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
केबल बदलली, स्विच बदलला, सांगलीची लाइन तपासली. फरक शून्य! शेवटी चोर सापडला तो प्रोग्रामातच. माझ्या आधीचे चिंतामणकाका मागच्या वर्षी वारले. त्यांनी प्रत्येक नाव तीनदा पाठवायची सोय करून ठेवली होती. पहिली दोन उत्तरं टाकून द्यायची, तिसरं खरं धरायचं. शेजारी चक्क मराठीत लिहिलेलं, 'पहिल्या हाकेला आलेली ओ घेऊ नये.'

हसून हसून पोट दुखलं माझं. सुलाबाई मात्र गंभीर. म्हणाल्या, माणूस असंल तर तीनदा हाक मारतंय, जे माणूस न्हाई त्येला एकदाच मारता येती. म्हणून तीन हाका झाल्याबिगर आमी ओ देत न्हाई.

मी तिनाचा एक केला. नाव टाइप करायचा अवकाश, की 'मिळालं'! आठ रुग्ण फटाफट उरकले. मग जरा मिरवायला म्हणून नववं नाव अनीशचं टाकलं आणि दहावं माझं. तेवढ्यात लाइट गेली. सुलाबाई चहाचं आधण तसंच टाकून घरी गेल्या.

बुधवार, ५ नोव्हेंबर
सांगलीहून सुहासिनीताईंचा फोन. तिथला सर्व्हर त्या बघतात. कालच्या दहापैकी एकही नाव त्यांच्याकडे पोचलेलं नाही म्हणतात. असं कसं? माझ्याकडे दहाच्या दहा उत्तरं आहेत. वेळा तपासल्या. सांगलीला जाऊन यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी उत्तर आलेलं. मग 'मिळालं' म्हणालं कोण?

दुपारी यादीतले पहिले, धनाजीराव, गेले. जेवत होते. दारातून कुणीतरी हाक मारली, ते ओ देऊन उठले आणि उंबऱ्यातच कोसळले. दारात कुणी नव्हतं. तासाभराने दुसरं नाव, अंबूबाई. हाक सुनेच्या आवाजात होती म्हणे. सून कुंडलला, माहेरी आहे.


गुरुवार, ६ नोव्हेंबर
तिसरं, चौथं, पाचवं. यादीच्या क्रमानेच. भर दुपारी.
आकडा पुन्हा तीन केला. दहाही नावं पुसायला लावली. पण पुसणं म्हणजेही लिहिणंच! चक्र फिरतंय. उत्तर येत नाही.
अनीशला सांगितलं, कुणाच्याही पहिल्या हाकेला ओ देऊ नकोस. गाढव हसला. मी ओरडले, मग रडलेच. तेव्हा कुठे शपथ घेतली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
सहा. सात. आठ.
चक्र अजून फिरतंय —
सुलाबाई म्हणतात, घेतल्यालं नाव ते परत देत न्हाई. निदान भावापाशी जा.
उद्या पहिल्या गाडीने निघते. मुलांच्या हॉस्टेलवर मला वर सोडत नाहीत. अनीशला म्हटलं, नेहमीसारखी खालून हाक मारीन, लगेच खाली ये.

शनिवार, ८ नोव्हेंबर
पहिली गाडी आलीच नाही. दुसरीत बसलेय. पुढे उसाच्या ट्रॉल्या. मसूरच्या अलीकडे फाटक पडलंय. पावणेबारा.
देवा — काय बोलून बसले मी! खालून हाक मारीन म्हणाले. लगेच ये म्हणाले. माझ्या आवाजातली हाक —
फोन लागत नाही. रेंज नाही.

बारा वाजून चार. रेंजची एक काडी आली आणि त्याचा मेसेज. ताई, लवकर आलीस की! ओ दिली, ऐकलीस ना? उतरतोय.
मी अजून फाटकातच आहे.

फोन लावला तर निमिषने उचलला, त्याच्या खोलीतल्या मित्राने. रडत होता. जिन्यात — म्हणाला, जिन्यातच —
माझा अनीश. मी मारला त्याला. मी —

खिडकीबाहेर ऊस. कुणी नाही.
आत्ता हाक आली. 'ताई.' त्याचाच आवाज.
एकदाच.
दुसरी येत नाहीये. येणार नाही. मला माहीत आहे ते काय आहे, सगळं माहीत आहे — पण अनीशने हाक मारली आणि मी ओ दिली नाही, असं आजवर कधी