एकोणिसाचा पाढा

सोमवार
धाकटे, कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला थांबला का? थोरलीचं बाळंतपण नीट पार पडलं ना? आणि आई अजून डोक्यावरचा चष्मा घरभर शोधते का? इथलं टपाल सावकाश जातं, म्हणून तुझ्याशी रोजनिशीतच बोलतो. साठलं की पाठवीन.

जागा झकास आहे. खाणीत टोपल्या दुरुस्त करायच्या. खाट खिडकीशी, चहा वाफाळता. फाटकावर पाटी: माणसं २७,७२१. मुकादम हसून म्हणाला, काका, तुम्ही आलात आणि आकडा भरला. शेजारच्या खाटेवर एक लंगडा न्हावी आहे, भलता बोलका. माझं टक्कल बघून म्हणाला, तुमच्याकडून धंदा व्हायचा नाही, निदान गप्पा तरी मारा.

मंगळवार
सकाळी खाणीच्या तोंडातून भोंगा ओरडतो: आज सात! मग मैदानात सातासातांचे गट होतात आणि एकेक गट खाली कामाला उतरतो. एक जण उरला. त्याला मुकादमाने शेवटी एकट्यालाच नेलं. संध्याकाळी आम्ही बाकीचे वर आलो. तो आला नाही.

बुधवार
आज नऊ. पुन्हा एकच उरला, पुन्हा परतला नाही. त्याच्या जागी फाटकातून नवा माणूस आला. पाटीवरचा आकडा तोच. शाळा मी चौथीत सोडली, पण पाढ्यांचं वेड सुटलं नाही. करून बघितलं. दोनपासून बारापर्यंत कशानेही भागा, बाकी एक. आकडा मुद्दाम जमवलेला दिसतो.

शुक्रवार
उरतो तो ज्याला पळवत नाही तो. काल मी न्हाव्याला ओढत नेलं तेव्हा कुठे आम्हाला गटात जागा मिळाली. आमच्या मागे एक म्हातारी राहिली. आज तसंच. न्हावी आता थट्टा करत नाही. फार दिवस जमायचं नाही म्हणतो.

शनिवार
सापडला! एकोणीस! चौदाशे एकोणसाठ गट, भाग निःशेष जातो. न्हावी वाचला, सगळेच वाचले! धावत खाणीच्या तोंडाशी गेलो, मुकादमाला ओरडूनच सांगितलं.

त्याने माझ्या तोंडावर हात दाबला. पांढराफटक पडला होता. म्हणाला, काका, हळू. खालच्याला बाराच्या पुढे पाढे येत नाहीत. एकावर त्याचं भागतं. बाकी उरते, म्हणून बाकीचे वर येतात.

आत कोणीतरी पुटपुटत होतं. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे —

रविवार
भोंगा झाला. आज एकोणीस.
मैदानात कोणी उरलं नाही. मुकादमही गटात —
न्हावी हसतोय. काका, तुमच्यामुळे पळावं लागलं नाही, म्हणतो. त्याला कसं सांगू —

रविवार, खाली
पुढचे गट गेले. एकाचाही आवाज —
पाढा जवळ येतोय. न्हाव्याने हात घट्ट —
धाकटे, घरात किती जण आहात ते मोठ्याने मोजू नका. लवकर उत्तर पाठव. लवकर. तोवर मी उर —