बिनरेघेचं प्रकरण

लष्कर, ग्वाल्हेर
६ जानेवारी १९५७

चि. भालचंद्र यास, ताईचे अ. उ. आ.

नवं राज्य झालं, दफ्तरं भोपाळला गेली, आणि तुला उचलून रीव्याच्या कॉलेजात टाकलं. तुझी रविवारची व्याख्यानं बंद पडली. पलटणीतले कान्होजी परवा इंदरगंजात भेटले, तर विचारतात, त्या विलायती राणीचं पुढे काय झालं? साडेतीनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं मराठीत सांगून तूच ही सवय लावलीस, आता भोग!

त्या नाटकांवरच्या तुझ्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण परत पाठवते. मला कळलं नाही तिथे नेहमीसारखी तांबडी रेघ मारली आहे. सतरा झाल्या. राणी मरते तिथेच तू विद्वानांची भांडणं घातलीस. अरे, मरणाऱ्या बाईजवळ इतकी गर्दी कशाला? काढ ती. तुझी भाची शामला म्हणते, आई, मामांना किती छळशील!

जरा खोकला आहे, बाकी ठणठणीत. होळीला नक्की ये. माया आहेच.

तुझी शांताताई


रीवा
२४ फेब्रुवारी १९५७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चौथं प्रकरण पोचलं. एकही रेघ नाही! दोनदा पानं उलटून पाहिली. बावीस वर्षं शिकवतो आहे, पण तुझ्याकडून पास पहिल्यांदाच झालो. खुशीत दोन कप चहा जास्त प्यायलो आणि प्रकरण तसंच छापखान्यात धाडलं.

इथे पोरांना नोट्स हव्यात, नाटक कुणालाच नको. तुझ्यासमोर बसून वाचायची फार आठवण येते गं. होळीची रजा मात्र रद्द केली. जबलपूरच्या मराठी मंडळींनी व्याख्यानाला बोलावलं आहे. तू नापास केलं असतंस, तर वही घेऊन तुझ्यापुढेच येऊन बसलो असतो. आता उन्हाळ्यात निवांत येईन.

काढा घे. रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझा भालू


लष्कर, ग्वाल्हेर
२१ मार्च १९५७

ती. भालूमामांस, शामलाचा शि. सा. न.

आई सोमवारी सकाळी गेली. तार रीव्याला केली, पण तुम्ही जबलपुरात होतात. सगळं तुमच्याविनाच करावं लागलं.

खोकला जानेवारीतच छातीत उतरला होता. तुम्हाला कळवायचं नाही, अशी तिने शपथ घातली. चौथं प्रकरण मी वाचून दाखवत होते, दुसऱ्या पानालाच तिला ग्लानी आली. मग म्हणाली, तसंच पाठव, भालू खूश होईल. मी पाठवलं. ती चूक मला जन्मभर पुरेल.

पण मामा, मी तुमच्यावरही रागावले आहे. आईने तुम्हाला कधी एक पान तरी असं सोडलं होतं का? ती पानं पाहून तुम्ही पहिली गाडी धरायला हवी होती. तुम्ही चहा प्यायलात.

तुमचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं, रजेची ओळ गाळून. होळीच्या दिवशी तिने चारदा विचारलं, भालूची गाडी आली का. मी चारही वेळा सांगितलं, लेट आहे.

तुमची शामला