भाजलेल्यांची खोली

बाबा, मी सायकलवरून उतरलो त्याला आज आठ दिवस झाले. शाळेच्या मैदानात तीन दिवस गोल गोल चालवली, पाय जमिनीला न लावता. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर. लोक सोबत चालत येऊन शर्टाला नोटा टाचत होते. आपल्या दवाखान्यात भाजलेल्या रोग्यांसाठी वेगळी खोली व्हावी म्हणून हे केलं. तुम्ही तिथं जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे ड्रेसर होतात तेव्हा हेच मागत होतात. खोली मिळाली नाही म्हणून घरची मच्छरदाणी नेऊन त्यांच्या खाटांवर बांधायचात. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनी स्टोव्हने भाजल्या. वॉर्डातल्या लोकांनी त्यांच्या वासाने नाकाला पदर लावले, ते मी पाहिलं. म्हणून सायकल काढली. लोक म्हणाले, पोरगा बापाचं राहिलेलं काम करून राह्यला. मी त्यांना तसं समजू दिलं. तुमच्यावरचा माझा राग मात्र चौदा वर्षं तसाच होता.

चौदा वर्षांपूर्वीचा तो दिवस. मी सातवी पास झालो आहे. मंचेरियलच्या वसतिगृहाच्या शाळेत नाव घालायचा शेवटचा दिवस आहे. वडिलांनी समोर येऊन सही करायची आहे. मी कागद क्रमाने लावून, चारदा तपासून, बसस्टँडवर उभा आहे. दहाची बस जाते. अकराची जाते. तुम्ही दीड वाजता आलात, हातांना औषधाचा वास घेऊन. म्हणालात, "इंद्रवेल्लीकडची पोरगी आहे रे. पट्टी चिकटली होती तिची. भिजवल्याबिगर कशी काढू?" मी म्हणालो, "मग तिलाच घाला शाळेत." तुम्ही टपरीवरून दोन केळी आणून माझ्यापुढे धरलीत. मी घेतली नाहीत. नाव घालायचं राहिलं, आणि पुढच्या वर्षी माझं वय बसलं नाही. मी पंक्चर काढायला लागलो आणि तुमच्याशी कामापुरतं बोलायला लागलो. दोन वर्षांनी तुम्ही काविळीने गेलात, तोवर तसंच चाललं.

सायकल चालवायच्या तिसऱ्या दिवशी दुपारी भाजीवाल्या मावशी हातात भाकरी देत म्हणाल्या, "काऊन रे, लगनही सायकलवरच करतं का? पोरगी मागं कॅरेजवर बसवजो." सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात मोठे डॉक्टर सायकलसोबत चार पावलं धावत आले. "खोलीला तुझ्या वडिलांचं नाव देऊ. सरकारी नियमाने पाटी तेलुगूत लिहायची आहे, नाव नीट सांग." मी म्हणालो, "नको, साहेब." माइकवाला लगेच ओरडला, "पाहा लोकहो, पोराला नाव नाही, काम पाहिजे!" टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांपुढे बसस्टँड होतं.

उतरलो तेव्हा मांड्यांची कातडी गेली होती. दवाखान्यात पट्टी लावली, ती दुसऱ्या दिवशी जखमेला चिकटली. नव्या ड्रेसरने "दात दाबून धर" म्हणत ती कोरडीच ओढली. मी केवढ्याने ओरडलो! त्यानंतरच्या खेपेला मी म्हणालो, "भाऊ, जरा भिजवून घ्या ना." तो म्हणाला, "त्याले टाइम लागते. भाईर लाइन पाह्यली का?" त्याचंही खोटं नव्हतं. मग मीच घरी मिठाचं पाणी कोमट करून बसलो. तळहाताएवढी पट्टी सुटायला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा घाई केली, दोन्ही वेळा रक्त आलं. त्या पोरीची तर मानेपासून कमरेपर्यंत पाठ भाजली होती. बस चुकली त्या दिवशी जेवताना तुम्ही हे आईला सांगत होतात. मी ताटाकडे बघत ऐकत होतो. तिला दुखू नये म्हणून तुम्ही किती वेळ वाटी घेऊन बसला असाल, हे मी तेव्हा मनात आणलं नाही. तुम्हाला बस आठवत नव्हती असं मी धरून चाललो होतो. आठवत असणार. आठवत असतानाच तुम्ही बसून राहिलात.

पाटी अजून रंगवायची आहे. तुमचं नाव सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण डॉक्टर विचारतील, तेव्हा नको का म्हणालास? मग सगळं सांगावं लागेल, केळ्यांसकट. आज सकाळी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. पेंटर शिडी लावत होता. त्याने विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हणालो, "काही नाही." आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.