संबंध कुणाचा?

मंगळवार, संध्याकाळ

बिबट्यावरच्या संशोधनासाठी कुणाला पैसे द्यायचे, हे ठरवायला यंदा प्राध्यापकांसोबत मलाही बसवलं. मंचरला बैठक होती. अध्यक्ष म्हणाले, "मावशी, तुमचे यजमान बिबट्याच्या हल्ल्यात गेले. तुमचा संबंध येतो, तुम्ही गुण देऊ नका."

संबंध! एका अर्जदाराचे गुरुजी तिथेच बसलेले, दुसऱ्याचा मित्र शेजारी. त्यांना कुणी उठवलं नाही. मी म्हटलं, "सायेब, तुमी सगळे एकमेकांचे पावणे, आन् मी काय बिबट्याची विहीण?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. ह्यांना त्यानं उसात गाठलं. संबंध आहे, म्हणूनच तर गेले होते ना मी?

उठले नाही. सगळ्या अर्जांना गुण दिले. माझे गुण धरणार नाहीत म्हणे. मग बोलावलं कशाला? पुढच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, हेच विचारणार.