तोंडाच्या जागी टोमॅटो

११ एप्रिल १९९८, बडोदा

आणि पुन्हा तेच, दादा म्हणे भिंत माझी. अरे, भिंत तुझी तर हात कुणाचा? सातवीत शाळा सोडली तेव्हापासून खोडदमधली निम्मी लग्नघरं मी रंगवली. दोन बाजूंना हत्ती, दारापाशी भालदार-चोपदार, वर शुभविवाह, खाली नवरा-नवरीची नावं. तेव्हा दादाला लई कौतुक. आता घरचं लग्न, आपल्या कुसुमचं, आणि एकदा हत्ती काढले नाहीत तर एवढा तमाशा.

आज फ्रेमच्या दुकानाच्या फोनवर दादा. शेठ समोर बसलेला, मला नीट भांडताही येईना.

"चुना मार त्या भिंतीला, न्हाईतर लग्नाला तोंड दावू नको."

"चुना मारायला बडोद्याहून येऊ व्हय? चार दिवसांची रजा संपली माझी."

"मग पाचशे पाठव. घोडेगावचा पेंटर बोलावतो. गुमान हत्ती काढंल."

फोन मीच आधी ठेवला. मग दिवसभर फ्रेमच्या पट्ट्या कापल्या, दोन वाकड्या गेल्या.

१२ एप्रिल

भिंतीवर काय काढलंय ते लिहून ठेवतो.

कांद्याचं वावर, पाती निळ्या. वावरात रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या जाळीच्या छत्र्या, आपल्या गावात उभ्या आहेत तशाच, आभाळाकडं तोंड करून. त्यातल्या एकीत कुसुम, पिवळी नेसलेली, पाळण्यात बसल्यासारखी. खाली नवरदेव. कोट, बूट, हातात नारळ. तोंडाच्या जागी टोमॅटो. मोठा, पिकलेला, देठासकट. मुंडावळ्या टोमॅटोवरून सोडल्यात.

काढताना वाटत होतं मी काढतच नाही. आधीपासून भिंतीत होतं, मी नुसती वरची धूळ झटकतोय. आई चहा ठेवून गेली ते कळलं नाही. वर साय धरली होती.

मी एस.टी.त बसलो त्याच दुपारी वारूळवाडीहून व्याही आले, पत्रिकेचा मजकूर ठरवायला. दादा सांगतो, बराच वेळ भिंतीपुढं उभे होते. मग म्हणाले, "आमच्या पोराला तोंड न्हाई व्हय?" त्यांचा टोमॅटोचा मळा. गेल्या साली भाव पडला तेव्हा भरला टेम्पो रस्त्याकडंला ओतून मोकळे झाले, ते सगळ्या नारायणगावानं पाहिलंय. त्यांना वाटलं मी तेच चिडवलं. देवाशपथ, माझ्या डोक्यातही नव्हतं. त्या निळ्यात लाल हवा होता.

आता म्हणतात, भिंत अशीच राहिली तर वऱ्हाड दारात येणार नाही. काल हे ऐकलं तेव्हा दादाचा राग आला. आज सकाळपासून कुसुमच डोळ्यापुढं.

१६ एप्रिल

सर आले होते दुकानात. कॉलेजात चित्रं शिकवायचे, आता रिटायर. चार पिढ्या बडोद्यातल्या, पण मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. गेल्या पावसाळ्यात त्यांनीच एक छापील चित्र फ्रेमला आणलं होतं, बेल्जियमच्या कुणाचं तरी. हॅट घातलेला माणूस, तोंडापुढं हिरवं सफरचंद. मी विचारलं, ह्याचं तोंड कुठंय? सर म्हणाले, "बघायचंय ना तुला? म्हणूनच झाकलंय." ते मनात बसलं ते बसलंच.

आज चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याचं माऊंट कापता कापता पुन्हा विचारलं, असली चित्रं निघाली कुठून? सांगत बसले. तिकडं पहिलं महायुद्ध झालं. शहाण्यासुरत्या माणसांनी नकाशे मांडून लाखो पोरं मारली. जी वाचली त्यातली काही पॅरिसमध्ये जमली, म्हणाली, शहाणपण हेच असेल तर आपल्याला नको, आपण स्वप्नाकडं जाऊ. व्हिएन्नात एक डॉक्टर होता, लोकांची स्वप्नं ऐकून घ्यायचा, माणूस दाबून ठेवतो ते तिथं वर येतं म्हणायचा. आधी कवी नादी लागले, मग चित्रकार. कागद दुमडून खेळ खेळायचे. एकानं डोकं काढायचं, दुमडायचं, दुसऱ्यानं न बघता पोट, तिसऱ्यानं पाय. मग ते सगळ्या जगात गेलं, जाहिरातीत, सिनेमात, आपल्याकडंही. अतिवास्तववाद म्हणतात. मला म्हणताना जीभ अडखळते.

भिंतीचं सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, "तिकडंही लोक असेच चिडले. पण त्यांना बहिणीचं लग्न लावायचं नव्हतं."

हसू आलं नाही.

१९ एप्रिल, रविवार

स्वप्न. सर म्हणतात उठल्या उठल्या लिही, नाहीतर विरतं.

खोडद. सगळ्या छत्र्या एकदम वळतात, अगदी हळू, गाई मान वळवतात तशा, आणि आपल्या घराकडं बघतात. आवाज नाही. आई एका छत्रीतून पाणी शेंदतेय. नुसती जाळी ती, पण पाणी गळत नाही. मी म्हणतो, आई, हे आभाळातलं हाय का? आई म्हणते, घागर धर आधी. घागरीत बघतो तर आत आपली भिंत, पांढरीफेक. पांढऱ्यातून कांद्याची एक निळी पात

शेठच्या पोरानं दार वाजवलं. पुढचं गेलं.

२३ एप्रिल

एसटीडीवरून शेजारच्या पाटलांच्या घरी फोन लावला. आई धावत आली, धाप लागलेली.

"लोकं बघाया येत्यात रं. दुर्बिणीवरला एक साहेब फोटो काढून गेला. खालच्या आळीचा रम्या म्हंतो, माझ्या लग्नाला आसंच काढा, फकस्त माझं त्वांड ऱ्हाऊ द्या."

"आणि दादा?"

"त्यो चुन्याची पिशवी आणून बसलाय. कुसुम हात लावू दीना."

मग कुसुम.

"भाऊ, त्येचं त्वांड का झाकलंस?"

मी म्हटलं, चुकलं माझं, पुसू दे दादाला.

"तसं न्हाई. बघाया आले तवा मी खालीच बघत व्हते. पोह्याची बशी तेवढी ध्यानात हाय. मला त्येचं त्वांड आठवतच न्हाई. तू काढलंस तसंच हाय मला."

मशीनवर आकडे पळत होते.

"परवा गाडीवरून आला व्हता एकटाच," म्हणाली. "भिंतीपुढं गाडी बंद केली. लई वेळ बघत व्हता. मी खिडकीतून बघितलं."

"हसला का चिडला?"

"काय कळणार? धुळीचं त्वांडाला रुमाल बांधला व्हता."

दोघंही हसायला लागलो. तिचं हसू मधेच थांबलं. मग हळू म्हणाली, "भाऊ, वऱ्हाड खरंच न्हाई आलं तर?"

उत्तर द्यायच्या आत लाईन तुटली. पुन्हा लावला, लागला नाही.

२४ एप्रिल

पुठ्ठ्यावर नवरदेवाचं तोंड काढून बघितलं. म्हटलं घोडेगावच्या पेंटरला नमुना पाठवू, टोमॅटोच्या जागी हे बसव म्हणून. तर मलाही आठवेना. सुपारीच्या दिवशी शेजारी बसून जेवलो. मनगटावरचं घड्याळ आठवतं, बुंदीचा लाडू फोडणारी बोटं आठवतात. वर बघायला गेलं की धुकं. तीन पुठ्ठे वाया. तिसऱ्यावर आपोआप दादाचंच तोंड आलं, लहानपणीचं, मला खांद्यावर घेऊन यात्रेत हत्ती दाखवायचा तेव्हाचं.

तो पुठ्ठा फाडला नाही.

दादा वाईट नाही. दारात उभं राहून वऱ्हाडाची वाट त्याला बघायचीय, मला नाही. सर म्हणतात चित्र टिकायला पाहिजे. सरांना काय जातंय. पण कुसुम चुन्याच्या पिशवीपुढं उभी आहे, ते कुणासाठी? माझ्यासाठी असेल तर नको. तिच्यासाठी असेल तर

२७ एप्रिल

शेठकडून उचल घेऊन पोस्टात. लग्नाला दोन आठवडेही नाहीत. जायचं का नाही, अजून कळत नाही. दादानं काही कळवलेलं नाही.

मनीऑर्डरच्या फॉर्मवर आधी दादाचं नाव लिहिलं होतं. तो चुरगळला, दुसरा मागितला. कारकून वैतागला. कुसुमच्या नावानं केली. चुना मारायचा, तोंड रंगवून घ्यायचं, का त्याच टोमॅटोवर लाल रंगाचा अजून एक हात, ते तिनं पेंटरला सांगावं. निरोपाच्या जागी लिहिलं, तुला हवं तसं कर, दादाला मी बघतो. बघणार कसा, देव जाणे.

दादानं मागितले होते पाचशे. तो दंड झाला. वर एक घातला.

मनीऑर्डर रु. ५०१.